पॅकेज सांभाळायचंय? नवं करू नका, जुनं हाती घ्या

लिनक्सवर मराठी मजकूर उघडला की कधी कधी 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. वाचता येतं, पण डोळ्याला खुपतं. शाळेत, वाचनालयात किंवा सोसायटीच्या ऑफिसात कुणी लिनक्स बसवून दिलं असेल, तर ही तक्रार त्याच्या कानावर कधी ना कधी येतेच. पण दोष कुणाचा? फाँट बनवणाऱ्याचा, मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, की या दोघांना एकत्र आणून मशीनवर बसवणाऱ्या व्यवस्थेचा? हे शोधायचं, योग्य माणसापर्यंत पोचवायचं आणि दुरुस्ती सगळ्यांच्या मशीनवर सुखरूप आणायची, एवढं म्हणजे पॅकेज मेंटेनरचं काम. पॅकेज म्हणजे मशीनवर थेट बसवता येईल असं बांधून ठेवलेलं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर मुळात लिहिणारे वेगळे असतात, त्यांना अपस्ट्रीम म्हणतात. मेंटेनर त्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या मधोमध उभा असतो.

इथे मी डेबियन या लिनक्स वितरणाबद्दल लिहितोय. हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला आणि आजही कुठल्याही कंपनीच्या मालकीचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये, म्हणजे 'ट्रिक्सी'मध्ये, सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत आणि त्यांच्यामागे बहुतांशी स्वयंसेवक आहेत. उबुंटूतली बरीचशी पॅकेजेसही इथूनच जातात. त्यामुळे इथली एक दुरुस्ती पुष्कळ लांबवर पोचते.

ऐरोली, नेरूळ, वाशी, ठाणे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: नवीन पॅकेज कुठलं करू? माझं स्पष्ट मत, कुठलंच नको. नवं पॅकेज 'न्यू' नावाच्या रांगेत जातं. तिथे डेबियनच्या एका गटातली माणसं लायसन्सच्या दृष्टीने ते तपासतात आणि तो तपास कधी संपेल ते तुमच्या हातात नसतं. शिवाय एकदा आत आलं की पुढची कित्येक वर्षं त्याचे बग, त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि त्याची नवी आवृत्ती तुमच्या गळ्यात. उलट, असलेल्या पॅकेजमधला एक छोटा बग मिटवलात तर त्याच खटाटोपात सगळी प्रक्रिया शिकून होते आणि काम लोकांपर्यंत लवकर पोचतं.

काम शोधायला 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' नावाचं छोटं पॅकेज बसवा. तुमच्या मशीनवरच्या कुठल्या पॅकेजला वाली उरलेला नाही, कुठलं पुढच्या आवृत्तीतून गळण्याच्या बेतात आहे, कुठल्या बगवर 'न्यूकमर' टॅग आहे, हे ते एपीटी (पॅकेजेस बसवणारं साधन) चालवल्यावर सांगतं. याचा मोठा फायदा म्हणजे यादी तुम्ही स्वतः वापरता त्याच सॉफ्टवेअरची असते. न वापरलेलं सॉफ्टवेअर सांभाळायला घेऊ नका. ते बिघडलं हे तुम्हाला सगळ्यात शेवटी कळेल.

अनाथ झालेल्या पॅकेजवर 'ओ' अक्षराचा बग असतो. तो डब्ल्यूएनपीपी नावाच्या नाममात्र पॅकेजवर नोंदवलेला असतो आणि मेंटेनरच्या जागी क्यूए (गुणवत्ता पाहणाऱ्या) ग्रुपचं नाव लागलेलं असतं. अशा पॅकेजमध्ये ते दत्तक न घेताही दुरुस्ती करता येते. चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजच्या बदलांच्या नोंदवहीत, 'क्यूए अपलोड' लिहायचं, बस. हाताला वळण लावायला याहून चांगली जागा नाही. दत्तक घ्यायचंच असेल तर त्या 'ओ' बगचं शीर्षक बदलून 'आयटीए' (दत्तक घ्यायचा इरादा) करा आणि बगचा मालक म्हणून स्वतःची नोंद करा, म्हणजे दोघंजण एकाच वेळी त्याला हात लावणार नाहीत. मेंटेनर नावाला आहे पण वर्षानुवर्षं हललेलाच नाही, अशा पॅकेजसाठी 'आयटीएस'ची (पॅकेज वाचवायला घेण्याच्या इराद्याची) वाट आहे. तिथे २१ दिवस थांबायचं असतं. ते टाळून परस्पर अपलोड करायला जाऊ नका.

एकट्याने सुरुवात करण्यापेक्षा एखाद्या टीमचं दार ठोठवा. पायथन, पर्ल, गो, रुबी, फाँट्स अशा टीम आहेत. मराठी माणसाने फाँट्सच्या टीमचा विचार जरूर करावा, कारण इथे आपल्याला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसतच नाही. सुरुवातीच्याच उदाहरणावर तपास कसा करायचा ते बघू.

आधी 'एफसी-मॅच'ला 'लँग=एमआर' देऊन विचारा की मराठीसाठी सिस्टीम कुठला फाँट निवडते. अपेक्षेपेक्षा वेगळाच फाँट आला तर गोष्ट फाँट निवडून देणाऱ्या फाँटकॉन्फिगच्या क्रमवारीची आहे, फाँटचा दोष नाही. अपेक्षित फाँटच आला तर अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझच्या पॅकेजमधलं 'एचबी-व्ह्यू' घ्या आणि त्याच फाँट फाइलने 'ल श' दोनदा काढा, एकदा भाषा मराठी सांगून, एकदा हिंदी. दोन्ही चित्रं वेगळी आली तर फाँट बरोबर आहे. त्यात भाषेनुसार आकार बदलणारे 'एलओसीएल' नियम आहेत, फक्त प्रोग्रामने किंवा वेबपानाने मजकूर मराठी आहे हे सांगितलेलं नाही. बऱ्याचदा पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा लिहायचीच राहून गेलेली असते. दोन्ही चित्रं सारखीच आली तर नियमच नाहीत, म्हणजे बग फाँटच्या अपस्ट्रीमकडे जायला हवा. तक्रार एक आणि उत्तरं तीन, तीन वेगळ्या पत्त्यांवरची. जोडीला 'दऱ्या' हा शब्दही तपासा. युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ वापरून आणि साधा र, हलन्त व शून्य-रुंदीचा जोडक वापरून, अशा दोन्ही तऱ्हांनी लिहून बघा. दोन्हीकडे र आडव्या वळणाचाच यायला हवा. नाहीतर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोंगरातला माणूस समुद्रावर पोचतो. हा फरक तपासायला मराठी वाचणाराच लागतो.

आता मशीन. लहान पॅकेजेससाठी ८ जीबी रॅम आणि ५० जीबी मोकळी जागा पुष्कळ झाली. लिबरऑफिस किंवा क्रोमियम घरी बिल्ड करायच्या, म्हणजे सोर्सपासून बांधायच्या, नादी सुरुवातीला लागू नका. कॉलेजचा प्रोजेक्ट ज्या लॅपटॉपवर आहे त्यावर थेट 'सिड', म्हणजे अनस्टेबल ही डेबियनची सतत बदलणारी आवृत्ती, चढवायची गरज नाही. व्हर्च्युअल मशीन पुरतं. त्यात डेवस्क्रिप्ट्स, जीआयटी-बिल्डपॅकेज, एसबिल्ड, एमएमडेबस्ट्रॅप, यूआयडीमॅप, लिंटियन, ऑटोपीकेजीटेस्ट आणि डीपुट-एनजी बसवा. एसबिल्ड 'अनशेअर' पद्धतीने चालवलं की रूटच्या परवानगीशिवाय स्वच्छ, कोरी सिड उभी राहते आणि बिल्ड संपलं की पुसली जाते. प्रत्येक बिल्डला त्याच त्या फाइली पुन्हा उतरतात, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर एपीटी-कॅशर-एनजी आधी लावा. ते ३१४२ पोर्टवर बसतं आणि एकदा उतरलेली फाइल पुन्हा नेटवरून मागवत नाही.

एक बारीकशी गोष्ट नवख्यांना फार सतावते. 'डेबफुलनेम' आणि 'डेबईमेल' हे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शेलच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवा. पॅकेजची माहिती ठेवणाऱ्या कंट्रोल फाइलमधल्या नावाशी ते अक्षरशः जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर चेंजलॉग लिहून देणारं 'डीसीएच' समजतं की कुणीतरी परकं माणूस अपलोड करतंय. मग आवृत्तीला १.२-३.१ असा शेपूट लागतो आणि वर 'नॉन-मेंटेनर अपलोड' अशी ओळ येते. टीमच्या पॅकेजसाठी 'डीसीएच'ला टीमचा पर्याय द्यायचा, अनाथ पॅकेजसाठी क्यूएचा.

सोर्स आणायला 'डेबचेकआउट' वापरा. ते पॅकेजमध्ये नोंदवलेली गिट रेपो शोधून आणतं आणि ती बहुधा सल्सावर, म्हणजे डेबियनच्या गिटलॅबवर असते. आत 'डेबियन' नावाची डिरेक्टरी दिसेल. तुमचं सगळं राज्य तिच्यात. तिच्याबाहेरच्या फाइलींना थेट हात लावायचा नाही, लावायचा तर पॅचमधून. कंट्रोलमध्ये अवलंबित्वं आणि वर्णन, रूल्समध्ये बिल्डची कृती, चेंजलॉगमध्ये इतिहास, वॉचमध्ये नवी आवृत्ती कुठे शोधायची तो पत्ता. बिल्डची नेहमीची कामं करणाऱ्या डेबहेल्परच्या १३व्या सुसंगती पातळीवर असलेल्या साध्या पॅकेजची रूल्स फाइल तीन-चार ओळींची असते. ती चाळीस ओळींची दिसली तर प्रत्येक ओळ का आहे हे चेंजलॉगमध्ये शोधा आणि मगच छाटा. निरुपयोगी वाटणारी ओळ कधी कधी एखाद्या दुर्मीळ आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या जातीसाठी) घातलेली असते.

आवृत्तीचे आकडे नीट समजून घ्या, कारण चुकले तर परत फिरता येत नाही. १.४.२-१ मध्ये जोडरेघेआधीचा भाग अपस्ट्रीमचा आणि नंतरचा डेबियनचा. '~' हे चिन्ह सगळ्याच्या खाली लागतं, अगदी रिकाम्या जागेच्याही. म्हणून १.०~आरसी१ हे १.० पेक्षा जुनं ठरतं आणि तसंच ते हवं असतं. हे विसरून १.०आरसी१ लिहिलंत तर ते १.० पेक्षा नवं ठरेल आणि खरी १.० आली की ती वर चढणारच नाही. मग उरतो एपॉक, म्हणजे पुढे '१:' लावणं. तो एकदा लागला की कायमचा, काढता येत नाही. एपॉक लावायची वेळ आली तर आधी अनुभवी लोकांना विचारा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कॉपीराइट फाइलीत जातो आणि ती कंटाळवाणी म्हणून सोडलेली पॅकेजेसच परत येतात. रेपोच्या मुळाशी एमआयटी लायसन्स दिसलं म्हणून सगळं एमआयटी होत नाही. प्रत्येक डिरेक्टरी उघडून बघायची. 'व्हेंडर', 'थर्ड-पार्टी', 'डॉक्स', 'असेट्स' अशा नावांच्या कप्प्यांत हमखास काहीतरी निघतं: व्यावसायिक वापराला मनाई करणारा आयकॉन, ज्याचं मूळ सोर्स कुठेच नाही अशी दाबून लहान केलेली जावास्क्रिप्ट, कुणाच्या तरी ब्लॉगवरून उचललेला फोटो. अशी गोष्ट मुख्य आर्काइव्हमध्ये चालत नाही. ती सोर्सच्या टारबॉलमधून (सगळ्या फाइलींच्या एकत्र गाठोड्यातून) वगळायची आणि आवृत्तीत '+डीएफएसजी' लिहायचं, हे डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांचं लघुरूप. वगळायच्या फाइलींची यादी कॉपीराइट फाइलीतच लिहिली की नवी आवृत्ती शोधून आणणारं यूस्कॅन दर वेळी ते काम आपोआप करतं. फाँटच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. फाँटसाठीच्या ओएफएल या मुक्त लायसन्समध्ये काही फाँटची नावं राखीव असतात. तो फाँट बदलून पुन्हा बांधलात तर ते नाव वापरता येत नाही. म्हणून फाँटमध्ये घरगुती दुरुस्ती करायचा मोह आवरा, ती अपस्ट्रीमकडेच व्हायला हवी.

आता बिल्ड. आपल्या लॅपटॉपवर बिल्ड झालं याला काहीच किंमत नाही. तिथे वर्षभरात साठलेल्या शेकडो लायब्रऱ्या आहेत. एसबिल्डमध्ये फक्त कंट्रोल फाइलीत लिहिलेल्याच मिळतात, म्हणून पहिलं अपयश बहुधा बिल्ड-डिपेंड्समध्ये राहिलेल्या नावाचं असतं. लॉगमधली शेवटची ओळ वाचून उपयोग नाही, वर जात पहिली एरर शोधा. खालच्या सगळ्या तिचीच पिल्लं असतात. दुसरं नेहमीचं अपयश नेटचं. बिल्ड चालू असताना नेटवरून काहीही उतरवायला मनाई आहे. पिप, एनपीएम किंवा गो मॉड्यूल काही आणायला गेले की तिथेच घोडं अडतं. उपाय एकच: ती लायब्ररी डेबियनमध्ये पॅकेज म्हणून असली पाहिजे. ज्या टेस्टला खरोखर नेट लागतं ती वगळा आणि का वगळली ते शेजारी लिहून ठेवा.

'लोकल चेंजेस डिटेक्टेड' म्हणत डीपीकेजी-सोर्स (सोर्स पॅकेज बांधणारं साधन) अडलं, तर बहुतेक वेळा मागच्या बिल्डने काही फाइली बदलल्या किंवा मागे ठेवल्या आहेत. घाबरून त्या बदलांचा पॅच करून टाकू नका. कुठली फाइल ते बघा, ती आपोआप तयार होणारी असेल तर 'क्लीन' फाइलीत तिचं नाव लिहा. पॅकेज लागोपाठ दोनदा बिल्ड होतं का हे तपासलं की हा दोष लगेच उघडा पडतो.

आपल्याकडे बसून काम करणाऱ्यांच्या वाट्याला एक खास गंमतही येते. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, आणि बिल्ड करणाऱ्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर. तारखा तपासणारी टेस्ट ठाण्यात रात्री दोन वाजता चालवली तर तिकडे अजून आदला दिवसच असतो. अपस्ट्रीमच्या लोकांनी अर्ध्या तासाचा फरक असलेला टाइमझोन विचारातच घेतलेला नसतो, असंही पुष्कळदा निघतं. म्हणून टेस्ट एकदा यूटीसीत आणि एकदा कोलकाता झोनमध्ये, दोन्हीत चालवून बघा. इकडे पास आणि तिकडे नापास झाली तर तो खरा बग आहे, टेस्ट बंद करून झाकायचा नाही. तसंच टेस्टमध्ये ठेवलेली सर्टिफिकेटं बघा, त्यांची मुदत संपली की पॅकेज अचानक बिल्ड व्हायचं थांबतं. एस३९०एक्स या आर्किटेक्चरवर बाइटचा क्रम उलटा असतो आणि एआरएमएचएफ ३२ बिटांचं असतं. तुमच्याकडे पास होऊन तिथे नापास होणाऱ्या टेस्टचं कारण बहुधा या दोन गोष्टींतलंच एखादं निघतं.

पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन चालवा, पण त्याच्या प्रत्येक शब्दाला हुकूम समजू नका. 'ई'ने सुरू होणाऱ्या ओळी मिटवल्याच पाहिजेत. 'डब्ल्यू' बहुतेक मिटवाव्यात. 'आय' आणि 'पी' वाचून ठरवा. लिंटियन चुकतंय अशी खात्री असेल तर ओव्हरराइड लिहा आणि कारणाची एक ओळ वर जोडा. विनाकारण ओव्हरराइड घालून तोंड बंद केलेलं लिंटियन पुढच्या माणसाला फसवतं.

पॅचच्या बाबतीत एक जुनी घटना प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. २००६ साली डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमध्ये मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार गप्प करण्यासाठी दोन ओळी बाद केल्या गेल्या. त्यातली एक ओळ यादृच्छिक आकडे तयार करणाऱ्या भागाचा कणा होती. परिणाम असा की किल्ली बनवताना वेगळेपण आणणारा फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला आणि एका जातीच्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास किल्ल्या शक्य राहिल्या. मे २००८ मध्ये हे उघडकीला आलं, तोवर जगभरातल्या सर्व्हरांवर असल्या किल्ल्या पसरल्या होत्या. म्हणून नियम असा: ज्या कोडचं कारण पूर्ण कळलेलं नाही त्याला पॅच लावायचा नाही आणि लावलेला प्रत्येक पॅच अपस्ट्रीमला पाठवायचा. पॅचच्या डोक्यावर वर्णन, लेखक, तो कुठून आला आणि पुढे कुठे पाठवला हे डीईपी-३ या डेबियनच्या ठरलेल्या पद्धतीने लिहा. 'फॉरवर्डेड' या ओळीसमोर 'नो' लिहिलेले पॅच जितके साठतील तितकी नवी आवृत्ती चढवणं अवघड होतं, कारण दर वेळी ते सगळे नव्याने बसवत बसावं लागतं.

नवी आवृत्ती चढवायची तर यूस्कॅन टारबॉल आणतं आणि जीबीपी (जीआयटी-बिल्डपॅकेज) तो अपस्ट्रीमच्या शाखेवर ठेवून तुमच्या शाखेत मिसळतं. हे दोन मिनिटांचं काम. खरं काम पुढे आहे, आधीच्या आणि आताच्या सोर्समधला फरक डोळ्यांनी वाचायचा. नवी फाइल, बदललेलं लायसन्स, वाढलेलं अवलंबित्व, बिल्ड स्क्रिप्टमधली न कळणारी ओळ. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मागचं दार सापडलं. ते उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. एसएसएच लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने केला म्हणून ते कळलं, तेही डेबियनच्या टेस्टिंग (पुढच्या स्टेबलची तयारी) आणि अनस्टेबलपर्यंत पोचल्यावर, स्टेबलमध्ये शिरायच्या आत. आणि एसएसएचचा या लायब्ररीशी संबंध आला कसा? सिस्टीमडीला (मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) खबर देण्यासाठी वितरणांनी स्वतः लावलेल्या पॅचमुळे. तेव्हा टारबॉल आणि त्याच आवृत्तीचा गिट टॅग यांची तुलना करायची सवय लावून घ्या. शक्य असेल तिथे वॉच फाइल थेट गिट टॅगवरूनच सोर्स घेईल अशी लिहा.

लायब्ररी सांभाळत असाल तर एसओनेम, म्हणजे बाकीचे प्रोग्राम तिला ज्या नावाने शोधतात ते, बदललं का ते आधी पाहा. बदललं असेल तर थांबा. बायनरी पॅकेजचं नाव बदलणार, ते पुन्हा न्यू रांगेत जाणार आणि त्या लायब्ररीवर उभी असलेली सगळी पॅकेजेस नव्याने बिल्ड करावी लागणार. याला ट्रान्झिशन म्हणतात. ते रिलीज टीमशी बोलून, आधी प्रयोगासाठीच्या एक्सपेरिमेंटल कप्प्यात अपलोड करूनच होतं.

पॅकेजमध्ये ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे बसवलेलं पॅकेज आपोआप तपासणारी टेस्ट, नसेल तर एक लिहा. 'टेस्ट्स' डिरेक्टरीत छोटी शेल स्क्रिप्ट: प्रोग्राम चालवा, छोटी फाइल द्या, उत्तर जुळतं का बघा. फक्त '--व्हर्जन' विचारणारी टेस्ट असेल तर तिला 'सुपरफिशियल' अशी खूण करा, ती खरी टेस्ट म्हणून धरली जात नाही. ही पाच ओळींची स्क्रिप्ट पुढे तुमचं पॅकेज वाचवते, कारण दुसऱ्या कुणी लायब्ररी बदलून तुमचं सॉफ्टवेअर मोडलं तर त्या लायब्ररीलाच टेस्टिंगच्या दारात अडवलं जातं.

अपलोडचा हक्क सुरुवातीला नसतो. पॅकेज जीपीजी किल्लीने (डिजिटल सहीच्या किल्लीने) सही करून मेंटर्स या साइटवर चढवायचं आणि 'स्पॉन्सरशिप-रिक्वेस्ट्स'वर आरएफएस बग टाकायचा, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा स्पॉन्सर मागायचा. टीममध्ये असाल तर टीममधल्याच डेव्हलपरला विचारणं जास्त लवकर फळतं. दहा दुरुस्त्या एकदम घातलेलं पॅकेज तपासायला कुणी तयार होत नाही. एक बग, एक कमिट, चेंजलॉगमध्ये एक ओळ आणि त्या ओळीत 'क्लोजेस' लिहून बगचा क्रमांक, असं पाठवा. स्पॉन्सरने दहा शेरे मारले तर त्याने तुमचं काम मन लावून वाचलं असा त्याचा अर्थ. सगळे मिटवून त्याच बगवर उत्तर द्या. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, रोज नको.

स्वीकारलं गेलं की बिल्डडी (डेबियनची बिल्ड करणारी मशीनं) सगळ्या आर्किटेक्चरांवर ते नव्याने बांधतात. अपलोड फक्त सोर्सचंच करा, तुमच्या लॅपटॉपवर बांधलेली बायनरी टेस्टिंगमध्ये जातच नाही. नेहमीच्या 'मीडियम' तातडीला पाच दिवस, 'हाय'ला दोन, 'लो'ला दहा. या मुदतीत गंभीर बग आला नाही आणि टेस्ट पास राहिल्या तर पॅकेज टेस्टिंगमध्ये सरकतं. अडलं तर डेबियनच्या ट्रॅकर साइटवर पॅकेजच्या पानावर कारण लिहिलेलं असतं, ते वाचा. अपलोड करून आठवडाभर तिकडे फिरकलंच नाही, ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक.

बग ईमेलवरून चालतात, साध्या टेक्स्टमध्ये. बगच्या क्रमांकावर पाठवलेलं उत्तर तक्रार करणाऱ्याला आपोआप जात नाही, ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. त्याचा पत्ता वेगळा घालावा लागतो किंवा क्रमांकापुढे 'सबमिटर' जोडलेला पत्ता वापरावा लागतो. नाहीतर तुम्ही प्रश्न विचारून महिनाभर वाट बघता आणि तो बिचारा समजतो की कुणी दखलच घेतली नाही. ठाणे-पनवेल लोकलमध्ये उभं राहूनही मोबाइलवर बग वाचणं, टॅग लावणं, जादा माहिती मागणं होतं. आठवड्याला दोन-तीन तास मिळत असतील तर दोन-तीन लहान पॅकेजेस नीट सांभाळता येतात, त्याहून जास्त घेऊ नका.

महापे, ऐरोली, घणसोलीच्या कंपन्यांत नोकरी असेल तर नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीबाहेर लिहिलेलं कोडही कंपनीचं, असं कलम काही ठिकाणी असतं. एचआरकडून लेखी परवानगी मेलवर घेऊन ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर जीपीजी किल्ली ठेवायचीच नाही. किल्ली घरच्या मशीनवर, तिची प्रत एका पेन ड्राइव्हवर, आणि रद्द करण्याचं सर्टिफिकेट कागदावर छापून दुसऱ्या जागी. किल्लीला दोन वर्षांची मुदत घाला आणि संपायच्या दोन-तीन महिने आधी वाढवून डेबियनच्या कीरिंग सर्व्हरला पाठवा. तिथले बदल लगोलग लागू होत नाहीत, आणि मुदत संपलेल्या किल्लीने केलेला अपलोड नाकारला जातो.

काही महिने असं काम दिसलं की स्पॉन्सरच तुम्हाला डेबियन मेंटेनर व्हायला सुचवतो. मग ठरलेली पॅकेजेस स्वतः अपलोड करता येतात. त्यासाठी डेबियन डेव्हलपरने तुमची किल्ली सही केलेली लागते, आणि सही करण्याआधी तो समोरासमोर भेटून ओळखपत्र तपासतो. पासपोर्ट आणि किल्लीच्या फिंगरप्रिंटच्या चार-पाच छापील चिठ्ठ्या जवळ ठेवा. डेबकॉन्फ हे डेबियनचं संमेलन सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला झालं होतं, भारतात मिनी-डेबकॉन्फही होतात. सह्या एकदम मिळायला त्याच उत्तम जागा.

परीक्षा, नवी नोकरी, घरचं आजारपण यांत काम थांबणारच. तेव्हा पॅकेज तसंच टांगून ठेवू नका. मदत हवी असेल तर आरएफएच, दुसऱ्याला द्यायचं असेल पण तोवर सांभाळणार असाल तर आरएफए, आणि आजपासून जमणारच नसेल तर 'ओ'. द्यायची घाई मात्र नको. एक्सझेडमध्ये थकलेल्या मूळ लेखकावर दबाव आणत आणत अनोळखी माणसाने हळूहळू ताबा मिळवला होता. नवा माणूस सल्सावर आधी काही महिने कमिट करू दे, त्याची कामं कुणीतरी तपासू दे. आणि 'ओ' बग लिहिताना चार गोष्टी टाका: कुठले बग खरे आहेत आणि कुठले पुन्हा घडवता आले नाहीत, अपस्ट्रीम उत्तर देतो का, कुठला पॅच अजून पुढे पाठवायचा राहिलाय, आणि कुठली टेस्ट कुठल्या आर्किटेक्चरवर अधूनमधून पडते.